फ्लाईंग शिकायला निघालेल्या ठाणे-नवी मुंबईकर पोरापोरींना एक खुलं पत्र

पोरापोरींनो,

नमस्कार. तुमच्यातल्या बहुतेकांना मी ओळखत नाही, तुम्हीही मला ओळखत नाही, पण आमच्या नेरूळच्या सोसायटीत एकाच बिल्डिंगमधून दोन पोरं आणि एक पोरगी सध्या पायलट व्हायला बाहेरगावी गेलीयेत, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला आपल्या एअरपोर्टचं उद्घाटन झाल्यापासून तर घरटी एकाला कॅप्टन व्हायचंय असं वाटायला लागलंय. चांगलंय की. पूर्वी घरटी एक डिप्लोमावाला असायचा आणि तो सकाळी डबा घेऊन रबाळे नाहीतर महापेला जायचा. आता तुम्ही धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया असं कुठे कुठे जाता, हॉस्टेलवर राहता, अंधार असताना उठून पहिल्या सॉर्टीसाठी, म्हणजे पहिल्या उड्डाणासाठी, रांग लावता. हे पत्र तुम्हाला, थोडं तुमच्या आईबापांना, आणि शेवटी जमलं तर तुमच्या इन्स्ट्रक्टर लोकांना.

मी पायलट नाही हे आधीच सांगतो. मी एएमई, म्हणजे विमान दुरुस्त करून त्याच्या कागदावर सही करणारा माणूस, आता रिटायर झालेला. आयुष्यातली बरीच वर्षं सेसना १५२ आणि १७२ या छोट्या ट्रेनिंगच्या विमानांच्या पोटाखाली उताणं पडून गेली, आधी जुहूला आणि मग बाहेरगावी. त्यामुळे विमान हवेत कसं उडवायचं ते मी तुम्हाला काय शिकवणार, पण ते जमिनीवर उभं असताना त्याच्याभोवती जी तपासणीची फेरी मारतात ना, प्रीफ्लाईट म्हणतात तिला, ती मी हजारो पोरांना मारताना बघितलीय. त्याबद्दलच बोलायचंय.

निमित्त झालं आमच्या खालच्या मजल्यावरच्या पोराचं. गणपतीला घरी आला होता, म्हणाला काका हे बघा माझं प्रीफ्लाईट, मित्राने व्हिडिओ काढलाय. छान पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, गॉगल, मागे गाणं लावलेलं. पंखावरून हात फिरवत चाललाय, तोंडाने एकेक आयटम म्हणतोय, फ्लॅप चेक, एलेरॉन चेक, टायर चेक. मग पंखाखाली वाकला, ती प्लास्टिकची नळी टाकीच्या तळाच्या ड्रेनला लावली, पेट्रोलचं सँपल काढलं, कॅमेऱ्याकडे बघून हसला आणि फेकून दिलं. मी म्हटलं मागे घे जरा. परत बघितलं, परत मागे घेतलं. त्याने त्या नळीकडे एकदासुद्धा बघितलं नव्हतं. सँपल काढलं होतं, फेकलंही होतं, मधलं बघायचं तेवढं राहून गेलं. आणि त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं, त्याला खरंच वाटत होतं की आपण फ्युएल चेक केलं.

आता बघायचं काय असतं ते सांगतो कारण निम्म्यांना फक्त 'पाणी आहे का बघायचं' एवढंच पाठ असतं. छोट्या विमानातलं पेट्रोल, अॅव्हगॅस १०० एलएल, निळसर असतं, तो रंग मुद्दाम घातलेला असतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड म्हणून खाली बसतं, नळीत घेतलं की तळाशी बुडबुड्यासारखं वेगळं दिसतं. इथपर्यंत सगळ्यांना येतं. पण टाकीत पाणी भरपूर असेल तर नळीत फक्त पाणीच येतं, वेगळं दिसायला पेट्रोल असायला तर पाहिजे ना, आणि मग ते सँपल इतकं स्वच्छ, इतकं एकसारखं दिसतं की घाईतला माणूस म्हणतो वा, क्लीन आहे. ऑगस्टातली गोष्ट, कुठली जागा ते सांगत नाही, तीन दिवस संततधार आणि विमान बाहेर उभं, हँगरमध्ये जागा नव्हती. सकाळी उघडीप मिळाली म्हणून सगळ्यांची झुंबड. एक पोरगी, जेमतेम वीस-पंचवीस तास झालेले, नळी घेऊन माझ्याकडे आली, म्हणाली सर हे निळं का दिसत नाहीये? मी नळी माझ्या पांढऱ्या रुमालासमोर धरली. रंग नाही. बोटावर घेतलं, वास नाही, बोट थंडही पडेना, पेट्रोल असतं तर उडून गेलं असतं आणि बोट गार पडलं असतं. सगळं पाणी. टाकीच्या झाकणाचं रबर सुकून चिरलेलं होतं आणि तीन दिवसांचा पाऊस आरामात आत उतरला होता. आम्ही काढत गेलो, काढत गेलो, अर्धा लिटर तरी निघालं असेल. त्या दिवशी ती नळी तशीच फेकली असती तर काय झालं असतं? इंजिन चालू झालं असतं, कारण पाईपमध्ये आणि कार्ब्युरेटरमध्ये थोडं चांगलं पेट्रोल असतंच, टॅक्सी झाली असती, रनअप, म्हणजे उडण्याआधी उभ्या उभ्या इंजिन जोरात चालवून बघणं, तेही झालं असतं कदाचित, आणि मग दोन-तीनशे फुटांवर, समोर ना रनवे ना शेत अशा जागी, पाणी इंजिनपाशी पोचलं असतं.

नव्या १७२ ला असे १३ ड्रेन पॉईंट असतात, प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. तेरा वेळा वाकायचं. मला माहितीय कंटाळा येतो. सातव्या-आठव्यानंतर माणूस फक्त वाकण्याचा व्यायाम करतो.

आणि इथेच खरी गोम आहे. आपण आरती म्हणतो ना, तोंड बरोबर चालू असतं, टाळ्याही तालात, आणि लक्ष असतं प्रसादाच्या ताटाकडे. चेकलिस्टचं तसंच होतं. पहिल्या दहा तासांत तुम्ही चाचपडत वाचता तेव्हा उलट बरं असतं. पन्नास तासांनंतर ती पाठ होते आणि धोका तिथून सुरू होतो. तोंड म्हणतं 'चेक' आणि डोळा अजून मागच्याच आयटमवर.

तुम्हाला इतिहास शिकवत नाही पण ही चेकलिस्ट आली कुठून ते माहिती पाहिजे. ३० ऑक्टोबर १९३५, अमेरिकेत राईट फील्डवर बोईंगचं नवंकोरं चार इंजिनांचं मॉडेल २९९ उडालं, नाक वर करून चढत गेलं, स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल संपली, आणि कोसळलं. चालवणारा आर्मीचा मुरलेला टेस्ट पायलट, मेजर हिल. इंजिनं ठणठणीत होती. झालं होतं एवढंच की उभं असताना वाऱ्याने कंट्रोल हलू नयेत म्हणून जो लॉक लावतात तो काढायचा राहिला होता. मेजर हिल गेले, त्यांच्याबरोबरचा बोईंगचा टेस्ट पायलट लेस टॉवर पण नंतर गेला. तेव्हा ठरलं की माणूस कितीही हुशार असला तरी हे डोक्यात ठेवायचं काम नाही, कागदावर पाहिजे. पुढे तेच विमान बी-१७ म्हणून दुसऱ्या महायुद्धात हजारोंनी उडलं.

बरं, मग ८० वर्षांत आपण शिकलो का? ३१ मे २०१४, बॉस्टनजवळ बेडफर्ड, गल्फस्ट्रीम जेट, दोन अनुभवी पायलट, तोच प्रकार, वाऱ्यासाठीचा तोच लॉक, गस्ट लॉक, लागलेला. सात माणसं गेली. मला त्यातलं सगळ्यात जास्त काय लागलं तर तपासात त्या विमानाच्या आधीच्या १७५ टेकऑफचा डेटा काढला आणि त्यातल्या ९८ टक्के वेळा कंट्रोल चेक, म्हणजे कंट्रोल पूर्ण हलवून बघणं, पूर्ण केलेलाच नव्हता. म्हणजे त्या दिवशी चूक झाली असं नाही, चूक रोज होत होती, त्या दिवशी फक्त लॉक लागलेला होता.

आपल्या १७२ मधला लॉक म्हणजे साधी सळी, तिला लाल पत्रा असतो आणि तो बरोबर चावीच्या जागेसमोर येतो, म्हणजे तो काढल्याशिवाय चावीच लावता येऊ नये. कुणीतरी डोकं लावून केलेली गोष्ट आहे ती. आणि एका ठिकाणी मी काय बघितलं, तर ती सळी हरवली म्हणून तिथे खिळा वाकवून घातलेला. पत्रा नाही, लाल रंग नाही, काही नाही, नुसता खिळा, दोन आठवडे त्यावर काम चालू होतं आणि सगळे म्हणत होते की आम्हाला माहितीय ना. मी तो खिळा खिशात घातला आणि नवीन लॉक येईपर्यंत दिला नाही, त्यावरून बरीच बोलणी खाल्ली. अजून आहे तो घरी, बायको कॅलेंडर लावायला मागत असते.

कंट्रोल चेक करताना नुसतं गरागरा फिरवून 'फ्री अँड करेक्ट' म्हणू नका. फ्री वेगळं, करेक्ट वेगळं. डावीकडे वळवलं की डावा एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी, वर गेला पाहिजे, उजवा खाली, योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, धरून अंगठे वर ठेवले की अंगठा ज्या बाजूला झुकतो त्या बाजूचा वर, एवढं सोपं आहे. मान वळवून दोन्हीकडे बघायचं. तुम्ही म्हणाल उलटं कसं असेल काका? नोव्हेंबर २०१८ मध्ये पोर्तुगालमध्ये एअर अस्तानाचं एम्ब्रेअर मोठ्या मेंटेनन्समधून निघालं, एलेरॉनच्या केबल उलट्या जोडलेल्या होत्या, जोडणाऱ्यांना कळलं नाही, तपासणाऱ्यांना कळलं नाही, पायलटना कळलं नाही, आणि हवेत गेल्यावर विमान सांगेल त्याच्या उलट वळायला लागलं. कसंबसं बेजाला उतरवलं त्यांनी, हॅट्स ऑफ, माणसं वाचली.

यावरून माझाच एक किस्सा सांगतो, लाज वाटते पण सांगतो. शंभर तासांचं इन्स्पेक्शन, रात्री उशिरापर्यंत काम, सकाळी विमान लाईनवर पाहिजेच असा वरून तगादा. मी काऊलिंग, म्हणजे इंजिनवरचं झाकण, बंद केलं, सही केली, घरी गेलो. सकाळी एकोणीस वर्षांचा पोरगा प्रीफ्लाईट करताना समोर वाकून प्रॉपेलरच्या मागच्या हवेच्या तोंडातून आत डोकावला. खरं म्हणजे तिथे पाखराचं घरटं आहे का ते बघायचं असतं, साळुंक्या एका दुपारीत गवत भरून ठेवतात. त्याला घरटं नाही, माझा छोटा टॉर्च दिसला, सिलिंडरच्या मागे, मस्त आडवा पडलेला. तो माझ्याकडे आला तेव्हा बिचारा इतका घाबरलेला, सर सॉरी पण आत काहीतरी आहे. सॉरी तो म्हणतोय! मी सही केलेली, लायसन्स माझं, अनुभव माझा त्याच्या वयाएवढा. त्या दिवसापासून कोणी म्हणालं की 'एएमईने सही केलीय ना मग झालं', की मला तो टॉर्च आठवतो. मेंटेनन्समधून आलेलं विमान जास्त बघा, कमी नाही. आम्हाला राग येत नाही. ज्याला येतो त्याला येऊ द्या.

'मागचा आत्ताच उतरलाय, त्याने बघितलंय' हे पण चालणार नाही. त्याने बघितलं ते त्याच्या आधी. तो उतरला तेव्हा टायर किती घासला, पेट्रोल भरणाऱ्याने झाकण नीट लावलं का, हे त्याच्या प्रीफ्लाईटमध्ये कसं असेल? झाकणाचं तर विशेष, कारण पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी असतो, झाकण सैल असेल तर पेट्रोल उडता उडता वरून ओढलं जाऊन वाया जातं आणि आत बसून तुम्हाला कळत नाही. घराबाहेर पडताना कुलूप लावल्यावर आई ते दोनदा ओढून बघते ना, तसं हाताने फिरवून बघा. डोळ्याने झाकण लागलेलंच दिसतं.

पेट्रोल किती आहे ते पण गेजवर बघू नका, शिडी घ्या, वर चढा, डिपस्टिक घाला. तुमच्या बाबांना विचारा, जुन्या स्कूटरला कुठे गेज होता, टाकी उघडून, स्कूटर हलवून, आवाज ऐकून कल्याणला जाऊन यायचे. आणि युनिट सांभाळा, आपल्याकडे बाऊजर, म्हणजे पेट्रोलचा टँकर, लिटरमध्ये देतो, १७२ चा गेज गॅलनमध्ये बोलतो, वजनाचा हिशोब किलो नाहीतर पाऊंडमध्ये. ५३ गॅलन वापरता येतं म्हणजे साधारण २०० लिटर. हा घोळ मोठ्यांनी पण घातलाय, जुलै १९८३ मध्ये एअर कॅनडाचं ७६७ किलोच्या जागी पाऊंड धरून निम्म्याच इंधनावर निघालं आणि दोन्ही इंजिनं बंद पडून गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर ग्लायडरसारखं उतरलं.

आता कुंभारीण माशी. ही तुम्हा सगळ्यांना माहितीये, कोकणात आजीकडे खिडकीच्या चौकटीत, ट्यूबलाईटच्या पट्टीमागे, भिंतीवरच्या फोटोमागे ती मातीचं घर करते, बारीक कंबरेची. तिला नळीसारखं भोक फार आवडतं, आणि पिटो ट्यूब, म्हणजे विमानाचा वेग मोजायची नळी, तिच्यासाठी रेडी पझेशन वन आरके. कव्हर न घालता विमान उभं ठेवलं की ती आत चिखल भरते आणि तुमचा एअरस्पीड गेला. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बर्गनएअरचं ७५७ समुद्रात पडलं, १८९ माणसं, एक पिटो ट्यूब बंद होती आणि बहुधा असल्याच माशीने बंद केली होती, विमान बरेच दिवस कव्हरशिवाय उभं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिमाहून निघालेलं एअरोपेरूचं विमान, धुताना स्टॅटिक पोर्टवर, म्हणजे उंची-वेगाच्या मीटरसाठी बाहेरचा दाब घेणाऱ्या भोकावर, लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली, ७० गेले. चिकटपट्टी! म्हणून भोक दिसलं की त्यात बघायचं, फुंकर मात्र मारायची नाही, आतलं नाजूक मीटर जातं. आणि ते लाल रिबन, 'रिमूव्ह बिफोर फ्लाईट' लिहिलेलं, ते ठाण्यातल्या अर्ध्या बाईकना किचेन म्हणून लटकतंय. तलावपाळीला सिग्नलवर बघतो तेव्हा हसू येतं, काढायची वस्तू लोक लावून फिरतायत.

प्रॉपेलर, ऑईल, टायर, ब्रेकची पाईप यावर लिहायला बसलो तर संपणार नाही. एकच, प्रॉपेलरच्या पुढच्या कडेला नख फिरवा, खडा लागून पडलेली छोटी खाचसुद्धा नखाला लागते, आणि तिथूनच चीर जाते. पण प्रॉपेलर नेहमी चालू होणार आहे असं समजूनच त्याच्याजवळ जा, मॅग्नेटोचा, म्हणजे इंजिनला ठिणगी देणाऱ्या यंत्राचा, काही भरवसा नसतो.

आईबाबांनो, आता तुमच्याशी. तुम्ही रात्री फोन केलात की पहिला प्रश्न काय असतो? 'किती अवर्स झाले?' सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलटच्या लायसन्सला, २०० तास लागतात, घर गहाण आहे, हप्ता चालू झालाय, सगळं मला समजतं. पण पोराच्या डोक्यात तो प्रश्न सकाळी विमानाभोवती फिरताना असतो. एखादी गोष्ट खटकली तर स्नॅग टाकावा लागेल, म्हणजे बिघाड लिहून द्यावा लागेल, स्नॅग टाकला तर सॉर्टी जाईल, सॉर्टी गेली तर बाबांना काय सांगू, आणि मग ते खटकणं तो गिळतो. घाटात बोर्ड असतो ना, अति घाई संकटात नेई, तो वाचून आपण सगळे हसतो आणि ओव्हरटेक करतो. एकदा विचारून बघा की आज विमानात काय सापडलं. झोप झाली का, ताप आहे का, सर्दीची गोळी घेतलीस का ते पण विचारा, पायलट हा पण चेकलिस्टमधला आयटमच आहे आणि तो तपासायला एएमई येत नाही. आणि एक व्यवहाराची गोष्ट, इंजिन बंद असताना तासाचे पैसे पडत नाहीत. रिक्षात बसल्यावर मीटर पडतो, रिक्षाभोवती फिरताना नाही. सगळ्या ट्रेनिंगमध्ये फुकट असलेली ही एवढीच वीस मिनिटं आहेत आणि पोरं नेमकी तीच वाचवतात.

इन्स्ट्रक्टर मंडळी, तुमचा अनुभव मोठा, माझा आवाज लहान, तरी सांगतो. सॉर्टीच्या स्लॉटमध्ये ती वीस मिनिटं धरा, नुसतं तोंडी 'नीट करा' म्हणून आणि पाठोपाठ घड्याळ दाखवून उपयोग नाही. आणि महिन्यातून एकदा मुद्दाम खोड करून ठेवा. उडायचं नसलेल्या विमानावर, एएमईला सांगून, यादी करून, नंतर सगळं मोजून परत काढून. स्टॅटिक पोर्टवर कागदाचा तुकडा, एक झाकण सैल, टो बार, म्हणजे विमान ओढायचा दांडा, नाकाच्या चाकाला तसाच. मी हे केलंय. पहिल्यांदा सहातल्या चार पोरांनी टो बार ओलांडून पाय टाकला, अक्षरशः उडी मारून, आणि चेक म्हणून पुढे गेले. दुसऱ्या महिन्यात मी काहीच खोड केली नव्हती तर तीच पोरं चाळीस मिनिटं शोधत होती, एकाने तर मला एक खरा सैल स्क्रू आणून दाखवला जो मलाही माहीत नव्हता.

असो. डोळ्यांना झेपलं तर पुढे कधी ऑईलवर लिहीन.

तुमचा,
नेरूळचा एक रिटायर एएमई

ता. क. तो खालच्या मजल्यावरचा पोरगा, व्हिडिओवाला. परवा रात्री फोन आला, आवाज पडलेला. डाव्या चाकाजवळ ओलं दिसलं म्हणून त्याने ब्रेक लीकचा स्नॅग टाकला, सॉर्टी गेली, त्याच्या जागी दुसरा गेला दुसऱ्या विमानात, आणि निघालं काय तर विमान धुतलं होतं त्याचं पाणी. काका सगळे हसले, म्हणाला. मी विचारलं ते पाणी आहे हे कळलं कसं? म्हणे एएमईने बोट लावलं, चोळलं, वास घेतला, ब्रेकचं ऑईल लाल असतं आणि बुळबुळीत लागतं. मग तू का नाही लावलंस बोट? थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, पांढरा शर्ट होता ना काका. बरं, म्हटलं, उद्यापासून खिशात एक जुनं फडकं ठेव. हो म्हणाला, आणि मेसमध्ये आज परत वांगंच आहे असं सांगून फोन ठेवला.